खांबाचं कुलूप

साल एकोणीसशे शहात्तर. त्या वर्षी मार्चपासून बाजारगल्ली सकाळी नऊ ते रात्री नऊ वाहनांना बंद झाली, आणि सप्टेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी तीन वाजता तिथे एका माणसाचा जीव अडकला.

त्या काळी शहरात मोटारी आजच्या मानाने मूठभर होत्या. तरी त्या सगळ्यांना बाजारगल्लीतच उभं राहायचं असे. गल्लीचं एक टोक नदीकडच्या पायऱ्यांत संपत होतं. दुसऱ्या तोंडाशी नगरपालिकेने लोखंडी खांब बसवला होता. खांब उपसून बाजूला ठेवता येई. जागेवर असला की त्याच्या कडीला जुनं पितळी कुलूप लागे. किल्ली पार्किंगच्या पावत्या फाडणाऱ्याकडे. त्याला सगळे पावतीकाका म्हणत. रुग्णवाहिका किंवा आगीचा बंब आला की त्याने खांब काढायचा, एवढाच नियम.

त्या गुरुवारी गल्लीतल्या घड्याळवाल्यांना हृदयविकाराचा झटका आला. रुग्णवाहिका आली, पावतीकाका धावले, किल्ली कुलपात गेली, पण फिरली नाही. माणसं स्ट्रेचर घेऊन गर्दीतून चारशे पावलं आत गेली आणि तितकीच बाहेर आली. रुग्णालयाच्या दारात घड्याळवाले गेले. दहा मिनिटं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात पावतीकाकांची मुलगी बाईंच्या कचेरीत आली.

बाईंनी विमा कंपनीत बावीस वर्षं खोटे दावे हुडकून काढले होते. नोकरी सुटल्यावर त्यांनी दोन खोल्यांत स्वतःची तपास कचेरी थाटली आणि मदतीला भावाच्या बायकोला घेतलं. वहिनी फायली लावत, चहा करत, आणि जे विचारू नये ते हमखास विचारत.

"बाबांवर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा लावलाय," मुलगी म्हणाली. "सोमवारी सुनावणी आहे. पोलीस म्हणतात, कापडवाल्या शेठकडून पैसे खाऊन बाबांनीच कुलूप बिघडवलं. बंदी बदनाम व्हावी म्हणून."

"शेठना बंदी नकोय?"

"गाडीतून येणारं गिऱ्हाईक तुटलं म्हणून सहा महिने भांडतायत. आणि बंदी आणली घड्याळवाल्यांनी. मागच्या वर्षी शेठकडे आलेल्या एकाने मोटार मागे घेतली, ती त्यांच्या नातीच्या पायावरून गेली. पोरगी अजून पाय ओढत चालते."

"मग पैसे खाल्ले का तुमच्या वडिलांनी?" वहिनींनी विचारलं.

"वहिनी," बाई म्हणाल्या.

"असू दे," मुलगी म्हणाली. "मला नाही माहीत. बाबा जेवत नाहीत, बोलत नाहीत. तुरुंगात गेले तर परत यायचे नाहीत, एवढं मला कळतं."

पावतीकाका जामिनावर होते. बाईंनी त्यांना खांबापाशी बोलावलं. पोलिसांनी पंचनामा करून कुलूप तसंच ठेवलं होतं.

"रोज कसं करायचात ते सांगा."

"रात्री नऊला किल्लीने उघडायचं, खांब काढून भिंतीला टेकवायचा, कुलूप इथल्या साखळीला उघडंच अडकवायचं. सकाळी नऊला खांब बसवायचा आणि कुलूप दाबायचं. दाबलं की लागतं, किल्ली लागत नाही."

"बुधवारी रात्री किल्ली फिरली?"

"लोण्यात सुरी जावी तशी."

"आणि गुरुवारी तीनच्या आधी लावून पाहिलीत?"

पावतीकाकांनी खांबाकडे पाहिलं. "नाही."

"कुलूप तेच आहे?"

"तेच. हा हिरवा डाग माझ्या हातचा, खांब रंगवताना पडलेला."

बाईंनी भिंग काढलं. कुलपाच्या अंगावर दगडाच्या ठोक्यांचे खळगे होते. पावतीकाकांनी त्या दिवशी घाबरून तेही करून पाहिलं होतं. मागच्या झाकणाला तांदळाच्या दाण्याएवढे चार स्क्रू होते. झाकणाच्या कडेला मळ होता. स्क्रूंच्या खाचा मात्र स्वच्छ होत्या, एकही कोर मोडलेली नव्हती.

गल्ली झाडणारी हातातला झाडू टेकून बघत उभी होती. "आमचं कुणी ऐकतं का? त्या सकाळी सहाला मी इथं झाडत होते, तेव्हा साखळीला कुलूपच नव्हतं. मला वाटलं, काकांनी घरी नेलं."

"मी कशाला नेऊ?" पावतीकाका म्हणाले. "नऊला मी आलो तर जागेवर होतं."

"झालं तर मग," परत फिरताना वहिनी म्हणाल्या. "शेठनी माणूस लावून रातोरात बिघडवलं. वन्सं, मी जाऊन सांगू का पोलिसांना?"

"आधी शेठना भेटू. पोलीस कुठे पळून जात नाहीत."

कापडवाले शेठ गादीवर एकटेच होते. समोर ठाण उलगडलेलं, बघणारं कुणी नाही.

"माझ्यावर संशय घ्या, घ्या," ते म्हणाले. "मेलेल्या माणसाशी माझं वैर होतं, नाही कुठे म्हणतो? पण नगरपालिकेचं सडकं कुलूप बारा वाजल्यापासून अडलंय, त्याला मी काय करू? नवीन घ्यायला यांच्याकडे दमड्या नाहीत, आणि खांब मात्र हवा."

"बंदी उठावी असं वाटतं तुम्हाला?"

"या दुकानात माझ्या वडिलांचं आयुष्य गेलं, बाई. मला वाटून काय होतंय."

शेवटी दोघी घड्याळवाल्यांच्या घरी गेल्या. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकानातली घड्याळं किल्ली न दिल्यामुळे एकेक करून थांबली होती. घड्याळवाल्यांच्या पत्नीने, काकूंनी, जिन्यावरच सतरंजी टाकली. नात त्यांना टेकून बसली, एक पाय सरळ पसरून.

"सकाळपासून बरं नव्हतं का त्यांना?" बाईंनी विचारलं.

"छे हो, उलट खुशीत होते. त्या दिवशी पाचलाच उठून दुकानात गेले. एरवी दहाच्या आत शटर उघडायचे नाहीत. घाईचं काम आहे म्हणाले. चहासुद्धा खालीच मागवला."

"आणि नंतर?"

"जेवून उठले आणि तिथेच जमिनीवर बसले ते बसलेच. शब्द फुटेना. सारखा हात छातीशी नेत होते, बंडीत बोटं खुपसत होते. माझा हात धरून तिथे नेला त्यांनी. मी चोळत बसले." काकू थांबल्या. "उजव्या बाजूला दुखत होतं. मला वाटलं, कळ सरकली असेल."

"ती बंडी कुठे आहे?"

"रुग्णालयाने गाठोडं दिलंय. कपाटावर आहे. मला सोडवत नाही ते."

बाई बराच वेळ नातीच्या पायाकडे बघत राहिल्या. जिना उतरताना वहिनींनी विचारलं, "आता कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही. हे मला कळलं नसतं तर बरं झालं असतं."

रविवारी सकाळी बाईंनी काकूंच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. पावतीकाका आणि मुलगी दाराशी बसले, शेठ खिडकीशी उभे राहिले. काकूंच्या सांगण्यावरून वहिनींनी गाठोडं कपाटावरून काढून मध्ये ठेवलं होतं.

"शेठ, रुग्णवाहिका आली तीनला," बाई म्हणाल्या. "कुलूप बारापासून अडलंय हे तुम्हाला कसं कळलं?"

शेठनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि एक किल्ली वेगळी करून धरली. "रोज बाराला माझी गाडी आत यायची. ही किल्ली काकांनी करून दिली. पैसे नाही दिले मी. त्यांच्या मुलीला माझ्या मेहुण्याच्या शाळेत नोकरी लावून दिली."

मुलीने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही.

"त्या दिवशी बाराला ड्रायव्हरने ही किल्ली लावली," शेठ पुढे म्हणाले. " फिरली नाही. काकांनी त्यांची लावून पाहिली, तीही फिरली नाही. खरं ना, काका?"

"खरं."

"म्हणजे शेठनी कुलूप बिघडवलं नाही," बाई म्हणाल्या. " स्वतःचीच वाट कोण बंद करेल? आणि काकांनीही नाही. ते दगडाने ठोकत होते. मग कुलूप बिघडलं होतं का? तेही नाही. किल्लीच्या दात्यांनी सरकतात त्या आतल्या पट्ट्या कुणीतरी बदलल्या होत्या. जुन्या दोन्ही किल्ल्या चालू नयेत म्हणून. चार इवलेसे स्क्रू काढून परत बसवले आणि एकाही खाचेला ओरखडा नाही. कुलूपवाल्याच्या हत्याराने हे होत नाही. असं हत्यार या गल्लीत एकाच टेबलावर आहे."

काकूंनी नातीला जवळ ओढलं.

"घड्याळवाल्यांना दिसत होतं, बंदीतही गाडी आत येते. गुरुवारी पाचला उठून त्यांनी साखळीचं उघडं कुलूप आणलं. सहाला झाडणारीला ते दिसलं नाही, ते खालच्या टेबलावर होतं. नऊच्या आत त्यांनी ते परत टांगलं. काकांनी नेहमीसारखं दाबलं. नवी किल्ली ते नगरपालिकेत नेऊन देणार असतील, सगळं सांगणार असतील. वेळ मिळाला नाही. काकू, त्यांच्या उजव्या बाजूला दुखत नव्हतं. ते तुम्हाला खिसा दाखवत होते."

काकूंनी गाठोड्याकडे पाहिलं.

"हे गाठोडं तुम्ही सोडलं नाहीत तर मी जबरदस्ती करणार नाही," बाई म्हणाल्या. "पण उद्या या माणसाकडे दुसरा पुरावा नाही."

"वन्सं, राहू दे ना," वहिनी हळूच म्हणाल्या.

काकूंनी गाठ सोडली. बंडीच्या उजव्या खिशात रुमाल होता, आणि रुमालात कानशीने घासलेली चकचकीत किल्ली.

"मी चोळत बसले," त्या म्हणाल्या. "पाव तास चोळत बसले."

पावतीकाका पहिल्यांदा आपणहून बोलले. "मी बारालाच नगरपालिकेत कळवलं असतं तर तासाभरात खांब निघाला असता. पण मग गाडी आत कशी येते ते सांगावं लागलं असतं. म्हटलं, संध्याकाळी बघू."

सगळे खाली उतरले. काकूंनीच किल्ली लावली. कुलूप आवाजसुद्धा न करता उघडलं.

सोमवारी पावतीकाका सुटले. नगरपालिकेने त्यांना कामावर मात्र घेतलं नाही. रोज दुपारी ते गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहत आणि चारला घरी जात. तीन वर्षांनी ते वारले. मुलीने शाळेची नोकरी सुनावणीच्याच आठवड्यात सोडली होती. ती दुसऱ्या गावी गेली, पुन्हा बाईंना तिचं पत्र आलं नाही.

खांबामुळे माणूस मेला, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. महिन्याभरात बंदी उठली. गल्ली दोन्ही बाजूंनी मोटारींनी भरली, आणि मग तिथे गिऱ्हाइकालाच पाय ठेवायला जागा उरली नाही. शेठनी दुकान विकलं; त्या जागी आता तीन मजली वाहनतळ आहे.

झाडणारीला पुढे मोटारींखालचा कचरा काढता येईना, तिची बदली झाली. बाईंनी त्यानंतर दोन वर्षांत कचेरी बंद केली. फायली वहिनींकडे राहिल्या. या एका फाईलवर बाईंनी निकाल कधीच लिहिला नाही.

काकूंनी ती किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली होती. नात मोठी झाली, नगरपालिकेत कारकून झाली. गल्लीतून कचेरीत जाताना तिला मोटारींच्या मधून आडवं होऊन वाट काढावी लागे, आणि त्या पायाला ते जमत नसे. म्हणून ती नदीच्या पायऱ्यांनी लांबून जाई.

खांब काढला त्या जागी रस्त्यात गोल भोक होतं. ते बरीच वर्षं कुणी बुजवलं नाही.