बाविसाव्या मिनिटाला

देओलिंदाने आयुष्यात नवस पुष्कळ बोलले आणि सगळे फेडले. स्वतःच्या उंचीची मेणबत्ती वाहिली, चर्चभोवती गुडघ्यांवर फिरली, सणाला दीडशे माणसांचं सूप एकटीने रांधलं. पण एक नवस असा होता, जो फळला नाही तरी ती फेडत राहिली.

अठ्ठ्याऐंशी सालचा नोव्हेंबर. इस्पितळाच्या बोळात भिंतीला पाठ टेकून ती सांतो क्रिस्तोला, तिच्या येशूला, म्हणाली होती, "माझी ओदेत वाचू दे. मी माझ्या घरात पुन्हा कधी आवाज चढवणार नाही." ओदेत सहा वर्षांची. मेंदूज्वर. तिसऱ्या दिवशी गेली.

नणंद म्हणाली, "पोर गेली, नवस सुटला गं."

"त्याचं त्याच्यापाशी," देओलिंदा म्हणाली. "शब्द मी दिलाय."

त्याला छत्तीस वर्षं झाली. अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावच्या सगळ्या पोर्तुगीज वस्तीत तिचं नाव निघे ते 'किती शांत बाई' म्हणून. खरं काय ते ईस्टरच्या गोड पावाच्या कणकेला ठाऊक. ती ओट्यावर कणीक अशी आपटायची, की खालच्या मजल्यावरची मिसेस पिमेंतेल झाडूच्या दांड्याने छत ठोकायची.

तिचा नवरा सेराफिम वस्तीच्या बँडमध्ये मोठा पितळी बाजा वाजवायचा. घरी रस्त्याकडच्या खोलीत सराव करायचा, आणि आपल्या चुका आपल्याला कळाव्यात म्हणून शेजारी टेपरेकॉर्डर चालू ठेवायचा. त्या वेळात घरात हूं म्हणायची सोय नव्हती. भांडं वाजलं की दारातून यायचं, "शूऽऽ." ती जेवायला हाक मारायला गेली की, "शूऽऽ." ओदेत गेल्यावर बाजा खुंटीलाच राहिला, पण तो खोलीत जायचा थांबला नाही. दार लोटून, कानांवर हेडफोन घालून तासन्‌तास बसायचा. देओलिंदाला वाटायचं, बँड ऐकतोय.

मागच्या सप्टेंबरात तो गेला. महिन्याभराने कपाट आवरताना तिला बुटांच्या खोक्यात कॅसेटी मिळाल्या. एकीवर त्याच्या अक्षरात तारीख होती, १२ नोव्हेंबर १९८८.  तो शनिवार होता. ती शिवणाच्या कारखान्यात जादा पाळीला गेली होती, घरी बाप-लेक दोघंच होते. त्याच रात्री ओदेतला ताप चढला होता.

कॅसेट लावली. आधी बाजाच बाजा. मग बाविसाव्या मिनिटाला बाजा थांबला आणि अगदी लांबून, विहिरीच्या तळातून यावं तसं आलं, "बाबा..."

पुढे काहीतरी होतं. चार-पाच शब्द. ते एका लांबलचक खरखरीत बुडून गेले.

लेकीचे शेवटचे धड बोललेले शब्द कानांच्या एवढे जवळ होते आणि कळत नव्हते. देओलिंदाने कॅसेट उचलली, डोक्याला रुमाल बांधला आणि दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या नोर्बेर्तोकडे गेली.

नोर्बेर्तो म्हणजे ओदेतचा धर्मपिता. त्या नात्याने दोघं एकमेकांना कोंपाद्रे-कोमाद्रे म्हणत. तीस वर्षं गिरणीतल्या मागांपाशी उभं राहून त्याचे कान अर्धे गेले होते, आणि म्हणूनच की काय, निवृत्त झाल्यापासून त्याला शांततेचं वेड लागलं होतं. आवाज न करणारे कॉम्प्युटर जोडायचे आणि त्यावर गाणं ऐकायचं, एवढाच त्याचा उद्योग.

त्याने कॅसेट आपल्या यंत्रात उतरवून घेतली. बाहेर काढताना आतली फीत तुटली.

"नेमकी त्याच जागी तुटली बघ," त्याने तुटकं टोक उजेडात धरलं. "बाकी फीत नव्यासारखी आहे. इथे मात्र झिजून पारदर्शक झालीय. शेकडो वेळा मागे-पुढे केल्यासारखी."

देओलिंदाने ते टोक पाहिलं. म्हणजे त्याला माहीत होतं. पोर काय म्हणाली, ते छत्तीस वर्षं त्याला माहीत होतं. ओट्यावर कणीक असती तर बरं झालं असतं.

तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते लावलं, तर बरोबर तिथे पंख्याची घरघर. हेडफोन घालावा, तर कानातलं श्रवणयंत्र शिट्टी मारायचं. फोनवर पाठवलं, तर बारीक आवाज वाटेतच गळून जायचे.

"मला एक मुकं यंत्र जोडून दे," ती म्हणाली. "आणि ते सेराफिमच्या मोठ्या स्पीकरांना लाव."

"दोन बहिरे मिळून मुकं यंत्र जोडणार," नोर्बेर्तो हसला. "पाद्री ऐकेल तर रविवारच्या प्रवचनात घालेल आपल्याला."

ती हसली नाही.

दुकानातल्या तरुण विक्रेत्याने त्यांना काचेचं खोकं दाखवलं. आत सहा पंखे, जांभळे-हिरवे दिवे.

"आवाज अजिबात नाही, आजी. कुजबुजल्यासारखा."

"कुजबुज नकोय," देओलिंदा म्हणाली. "कुजबुजीच्या खालचं ऐकायचंय."

"तेवढं कुणाला ऐकू येतं?"

तिची नखं पर्सच्या पट्ट्यात रुतली. नोर्बेर्तोने तिला दंडाला धरून बाहेर आणलं.

सुटे भाग त्याने एकेक करून गोळा केले. जाड अॅल्युमिनियमची पेटी, बाहेरून फासळ्यांसारख्या पट्ट्या असलेली. आतली उष्णता त्या फासळ्यांतून निघून जायची, पंखा लागायचाच नाही. प्रोसेसर कमी ताकदीचा, कारण जो कमी तापतो तो कमी ओरडतो. फिरणाऱ्या तबकडीची डिस्क नको, चिपची. वीजपुरवठ्याचा ठोकळा लांब वायर लावून पार जिन्यात. एक मदरबोर्ड त्याने परत केला. स्वयंपाकघरातल्या कागदी रुमालांच्या गुंडाळीची पुठ्ठ्याची नळी त्याने बऱ्या कानाला लावली होती, दुसरं टोक बोर्डावर.

"गातोय हा," तो म्हणाला. "डासासारखा. चालणार नाही."

जानेवारीत यंत्र उभं राहिलं. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून दोघं त्या रस्त्याकडच्या खोलीत बसले. नोर्बेर्तोने स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज बंद केला आणि आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवून आला.

"हे काय?"

"जाताना किल्ली शोधीन आणि मग फ्रिज चालू करायची आठवण राहील. नाहीतर तुझे सॉसेज नासतील."

कळ दाबली. काही म्हणजे काही ऐकू येईना. यंत्र चालू आहे हे फक्त त्या फासळ्यांना हात लावल्यावर कळत होतं, झोपलेल्या जनावरासारख्या कोमट.

बाविसावं मिनिट आलं. बाजा थांबला.

"बाबा..."

"शूऽऽ."

लांब, थंड, दातांमधून सोडलेलं. शब्द पुन्हा त्याखाली बुडाले.

देओलिंदा पांढरी पडली. मग लाल. "पंखा नाही म्हणालास ना?"

"नाहीच आहे." नोर्बेर्तोने पडद्यावर त्या जागेचं चित्र मोठं केलं. आवाज म्हणजे पडद्यावर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली आणला. "कोमाद्रे... हे बारीक दात म्हणजे पोरीचं बोलणं. त्याच्या आजूबाजूला सपाट आहे. सगळं सपाट. ती शूऽऽ या टेपमध्ये नाहीये."

"मग कुठंय?"

 खोलीत वंगणाचा वास येत होता. बाजाच्या कळांना लावतात ते तेल. बाजा तर तिने ख्रिसमसलाच बँडला देऊन टाकला होता.

"तू थांबू नकोस," ती म्हणाली. "किल्ली काढ फ्रिजमधली आणि जा."

"एकटी ऐकणारेस?"

"छत्तीस वर्षं एकटीच आहे मी या घरात."

मंगळवारी दुपारी बर्फ पडला. गाड्या थांबल्या, रस्ता कापसात गुंडाळल्यासारखा झाला. देओलिंदाने फ्रिज बंद केला. भिंतीवरचं घड्याळ उशीखाली दाबून आली. सांतो क्रिस्तोपुढचा दिवा लावला, खिडकीकडे पाठ करून बसली. तिच्या मागे सेराफिमची खुर्ची होती. रिकामी.

"बाबा..."

"शूऽऽ."

आवाज स्पीकरमधून आला नव्हता. मागून आला. बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून.

तिने मागे वळून पाहिलं नाही. माऊस सरकवून पुन्हा तिथे आणलं.

"बाबा..."

"शूऽऽ..." आता जवळून. श्रवणयंत्राला वारा लागला की जशी फडफड ऐकू येते, तशी फडफड उजव्या कानात झाली. तेलाचा वास घशाशी आला. तिची मूठ माऊसवर आवळली. पण भीतीने नाही. तिला आठवत होतं, मयताहून परतल्यावर ती याच खोलीच्या दारात उभी राहून रडली होती. तेव्हाही आतून हेच आलं होतं.

तिने तिसऱ्यांदा लावलं.

"बाबा..."

"शू..."

देओलिंदा उठली. खुर्ची कलंडली.

"गप्प बस, सेराफिम! गप्प! छत्तीस वर्षं तू मला गप्प बसवलंस! माझी पोर बोलतेय! बोलू दे तिला!"

खाली मिसेस पिमेंतेलचं कुत्रं भुंकायला लागलं. भिंतीवरची तसबीर थरथरली. आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. नवस मोडला होता. ती धापा टाकत उभी राहिली आणि देवाकडे बघून म्हणाली, "माझं चुकलं असेल. पण आता थांबणार नाही."

वास गेला होता. तिने कळ दाबली.

बाजा थांबला. मग अगदी स्वच्छ, समोर उभी राहून बोलावी तशी ओदेत म्हणाली, "बाबा, माझं डोकं खूप दुखतंय."

क्षणभर काही नाही. मग बाजा सुरू झाला. तेच कडवं, पुन्हा पहिल्यापासून.

देओलिंदाने ओठ इतके घट्ट मिटले की रक्ताची चव आली. त्याने तिला गप्पसुद्धा केलं नव्हतं. वाजवत राहिला होता. एवढ्यासाठी ते लोटलेलं दार, एवढ्यासाठी ते हेडफोन. तिने टेप बंद करायला हात पुढे केला.

तेवढ्यात टेपवर बाजा एकदम मोडला. पलीकडच्या खोलीतून यावा तसा एका बाईचा आवाज. म्हातारा, चिरलेला.

"...गप्प! छत्तीस वर्षं तू मला गप्प बसवलंस..."

देओलिंदाचा हात हवेतच राहिला.

टेपवर छोटी पावलं वाजली. माइकच्या अगदी जवळ श्वास आला, लहान मुलाचा, तापलेला.

"आई? तू ओरडलीस?"

"नाही गं राणी," देओलिंदा कुजबुजली. "तुझ्यावर नाही."

"बरं," ओदेत म्हणाली.

तेव्हा मात्र तिने कळ दाबून सगळं थांबवलं. पडद्यावर लिहिलं होतं, अजून चार मिनिटं बाकी.

तिचा फोन गेला तसा नोर्बेर्तो गुडघाभर बर्फ तुडवत आला. तिने त्याला कोरा चहा दिला, गोड पावाचा तुकडा दिला आणि सगळं सांगितलं, एका दमात. तो कप हातात धरून बसून राहिला, प्यायलाच नाही.

"काहीतरी बोल की," ती म्हणाली. "म्हण, म्हातारीचं डोकं फिरलं."

"कोमाद्रे, बाईचं ते ओरडणं..." त्याने कप खाली ठेवला. "मी ते ऑक्टोबरातच ऐकलं होतं. टेप उतरवून घेताना. शब्द नाही कळले मला, माझे कान असे. पण आवाज तुझा आहे हे कळलं. मला वाटलं, त्या शनिवारी तू घरी होतीस. भांडण झालं असेल. तुला कशाला आठवण करून द्यायची, म्हणून बोललो नाही."

"मी घरी नव्हते."

"हो."

दोघंही त्या यंत्राकडे बघत राहिले. कसलाच आवाज नाही. नुसतं कोमट.

"म्हणजे सेराफिमनंही ऐकलं असणार," ती हळूच म्हणाली. "इतकी वर्षं. दर वेळी. म्हणून मला तोंड उघडू देत नव्हता."

नोर्बेर्तोने मान खाली घातली.

"आणि तू शेवटपर्यंत ऐकलंस?" तिने विचारलं. "ती उरलेली चार मिनिटं?"

"ऐकली."

"काय आहे त्यात?"

त्याने एकदा जिन्याच्या दाराकडे पाहिलं, आणि पटकन नजर काढून घेतली. "आधी दार वाजतं," तो म्हणाला. "मग तू म्हणतेस..."

"नको." तिने त्याच्या हातावर हात ठेवला.  "मी अजून ते म्हटलेलं नाही, कोंपाद्रे. टेपवरचं ते ओरडणं आज झालं, तसं हेही पुढे व्हायचंय. म्हणेन तेव्हा मनापासून म्हणेन. मघाशी नवा नवस बोलले मी. उरलेली टेप ऐकणार नाही, आणि पोरीसाठी दाराला कडी लावणार नाही."

बाहेर बर्फ पडायचा थांबला होता. खाली कुत्रं पुन्हा भुंकलं, आणि भुंकता भुंकता मधेच गप्प झालं.

"तूही बोल नवस," ती म्हणाली. "ते दार वाजेल त्या दिवशी तू इथे असलास, तर कुणालाच शूऽऽ म्हणणार नाहीस. बोल, कोंपाद्रे. आत्ताच बोल."