स्वररचना : ऋजुता मुळे

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी धारला मावठ्याचा पाऊस आला. मावशीकडचं हळदीकुंकू आटोपून बस स्टँडकडे निघालेली ऋजुता मुळे धावत जवळच्या सरकारी शाळेच्या व्हरांड्यात शिरली. ओला पदर पिळत होती, तेवढ्यात आतून बँडचा आवाज आला. देवासच्या एका खासगी शाळेत ती स्वतः बँड शिकवायची, त्यामुळे कान आपोआप तिकडे गेले.

"क्लॅरिनेट सुराच्या वर चढतंय," ती स्वतःशीच पुटपुटली.

"चढत नाही... घाबरलंय."

मागे एक तरुण उभा होता. हातात चहाचा ग्लास, गळ्यात शिट्टी. "खिडकीतून तुम्ही दिसल्या ना. पोरींना वाटलं, इन्स्पेक्शनवाल्या मॅडम आल्या."

"मी इन्स्पेक्शनवाली दिसते?"

"इतकी भिजलेली इन्स्पेक्शनवाली मी तर पहिल्यांदाच पाहून राहिलो."

ती हसली. त्याने आपला चहा तिच्यापुढे धरला, आणि कसा कोण जाणे, तिने तो घेतलाही.

संताजी मोहिते त्याचं नाव. पणजोबा संस्थानच्या बँडात होते, वडील लग्नाच्या बँडात, आणि हा शाळेत शिकवायचा. आत वाजत होती ती धून त्याने स्वतः बांधली होती, फेब्रुवारीतल्या विभागीय स्पर्धेसाठी. पण कागदावर तिचा एक सूरही नव्हता. गाऊन गाऊनच तो मुलांकडून बसवून घ्यायचा.

"लिहून का नाही ठेवत?"

"लिहिणारं कोणी भेटलं नाही." मग जरा थांबून, "म्हणजे... कालपर्यंत."

पुढचे तीन रविवार ऋजुता धारला आली. भाचीला एवढा लळा कधीपासून लागला, हे मावशीला कोडंच होतं. रिकाम्या वर्गात संताजी बाकावर ताल धरून गायचा आणि ऋजुता लिहायची — ट्रंपेटने काय वाजवायचं, क्लॅरिनेटने कुठे शिरायचं.

"ती ओळ पुन्हा म्हणा ना."

"समजली नाही?"

"समजली. पुन्हा म्हणा."

त्याचे कान लाल व्हायचे. पण ओळ तो म्हणायचा, आणि पहिल्यापेक्षा सावकाश म्हणायचा.

चूक झाली ती देवासला. लिहिलेलं बरोबर वाजतंय का, ते पाहावं म्हणून एक दिवस तिने ती धून आपल्या मुलांना दिली. तिच्या बँडात वाद्यं जास्त, मुलं तयार. वर्ग सुरांनी नुसता भरून गेला. दारात प्राचार्य उमाशंकर सर उभे होते.

"अरे वाह, मॅडम. ये धुन आपने बनाई?"

ऋजुता हसली. एवढंच. त्या हसण्याचा अर्थ सरांनी 'हो' असा घेतला, आणि तिने तो घेऊ दिला. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली की विभागीय स्पर्धेत शाळा हीच धून वाजवणार. आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणता म्हणता स्पर्धेचा दिवस उजाडला. संताजीचे फोन यायचे, ती 'बिझी आहे' म्हणायची. तिच्या मनात एक वेडी आशाही होती की काहीतरी होईल आणि हे आपोआप निस्तरेल.

काही निस्तरलं नाही. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा देवासचा नंबर आधी आला आणि धारचा लगेच त्याच्यामागे. माईकवरून नाव पुकारलं गेलं, "स्वररचना — ऋजुता मुळे." ती मुलांसमोर हात उंचावून उभी राहिली. पहिले सूर निघाले, आणि मैदानाच्या कडेला रांगेत उभ्या असलेल्या धारच्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. मग त्यांनी संताजीकडे पाहिलं. ऋजुताने ते सगळं पाहिलं. हात मात्र थांबवता आला नाही.

धारच्या मुलांनी त्या दिवशी एक जुनं, साधं मार्च वाजवलं. नंबर आला नाही. उत्कृष्ट स्वररचनेचं बक्षीस ऋजुताला मिळालं, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत संताजीही होता.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला : "दूसरे हिस्से में ट्रंपेट थोड़ा तेज़ था. बाकी बढ़िया." त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने फोन उशीखाली सारला. जेवण जाईना, आरशात बघवेना. माईने, तिच्या आईने, बक्षीस देवासमोर ठेवलं होतं. ऋजुता देवघरात गेलीच नाही.

चौथ्या दिवशी ती प्राचार्यांसमोर उभी राहिली. त्यांनी बरंच समजावलं की आता बोलण्यात शाळेची बदनामी आहे. तिने ऐकून घेतलं आणि आयोजकांना पत्र लिहून बक्षीस परत केलं. मग बँडच्या खोलीत गेली.

"मॅडम, मतलब हमने कॉपी की?" एका मुलाने विचारलं.

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "मी."

तिला वाटलं होतं, बोलून मोकळं वाटेल. वाटलं नाही.

त्याच दिवशी तिने संताजीला पत्र टाकलं. आठ दिवस उत्तर नाही. नवव्या दिवशी, रविवारी, ती धारला गेली. शाळेत सराव चालू होता. तिला दारात पाहताच वाद्यं एकेक करून थांबली.

तिने सगळं सांगितलं, काही न वगळता. मग क्लॅरिनेटवाली अंजू उभी राहिली.

"पण सर तर बोलले की धून अजून कच्ची आहे. म्हणून बदलली."

संताजी खाली बघत होता. "खोटं बोललो," तो म्हणाला. "धून पक्की होती. मी तक्रार केली असती तर मॅडमचं नाव खराब झालं असतं. मॅडमना वाचवायला... मी तुम्हाला हरवलं. मला माफ करा."

"आम्ही रोज सकाळी सातला यायचो, सर," अंजू म्हणाली.

मग तिनेच सुचवलं, "आयोजकांना मॅडमनी लिहिलं, तसं सरांनीपण लिहावं. ती धून आम्हाला एकदा सगळ्यांसमोर वाजवू द्या म्हणून." ती खाली बसली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, पण क्लॅरिनेट तिने पुन्हा ओठांना लावलं.

सराव संपला, मुलं गेली. ऋजुता बाकावर बसली. संताजीने खिशातून तिचं पत्र काढलं. घड्या पडून पडून ते मऊ झालं होतं.

"उत्तर का नाही दिलं?" तिने विचारलं.

"वाचून राहिलो होतो. शाळा हिंदीत झाली माझी. मराठी घरात बोलतो, पण वाचायला टाइम लागतो." त्याने एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय आहे? ओ... शा..."

"ओशाळले."

"म्हणजे?"

तिला ते तोंडाने सांगावं लागलं. "म्हणजे तुमच्यासमोर मान वर करायची लाज वाटते."

"मग बरोबर आहे. मीपण तोच झालोय... ओशाळलोय." त्याने तो शब्द नवीन सुरासारखा जपून उच्चारला. "दोघं ओशाळलेले असले तर कोणी कुणाकडे पाहायचं?"

तिने मान वर केली. तो तिच्याकडेच बघत होता.

"बाकीचं समजलं?" तिने विचारलं.

"अर्धं. शेवटची ओळ मात्र पूर्ण समजली."

ऋजुताचा चेहरा तापला. "ती तर मी खोडली होती."

"हो," संताजी म्हणाला. "म्हणून तीच आधी वाचली."

ती बाकावर थोडी सरकली... त्याला बसण्यापुरती.