सरांनी स्पष्ट पाहिलेला वटवट्या

बिलकीसबाईंना एक पक्षी सिद्ध करायचा होता. शिरड शहापूरपलीकडच्या डोंगरात, एका नाल्याकाठी, गेल्या हिवाळ्यात त्यांनी जाड चोचीचा वटवट्या पाहिला होता. दूर उत्तरेकडून आलेला, बुलबुलाएवढ्याच चणीचा पाहुणा. जिल्ह्याच्या पक्षी-यादीत तो नव्हता. यादी विश्वंभर सरांच्या ताब्यात, आणि सरांनी मोबाइलवरच्या गटात सगळ्यांदेखत लिहिलं होतं, "बाईंनी बुलबुल पाहिला असेल." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग!

यंदा सर जातीनं आले, बाईंना खोटं पाडायला. अंगात लष्करी ठिपक्यांचे कपडे, गळ्यात तोफेएवढी लेन्स, आणि अत्तराचा घमघमाट असा, की जणू वरातीलाच निघालेत. वाट दाखवायला तांड्यावरचे धर्मसिंग होते, खांद्यावर घोंगडी टाकून.

दोन तासांच्या चढणीत सर दर पन्नास पावलांवर बसले, आणि बसल्या जागी दोघांना शिकवत राहिले. बाभळीवरच्या शिक्र्याला त्यांनी ससाणा ठरवलं. बाईंनी आपल्या वहीत 'शिक्रा' लिहिलं. राग यावा एवढीही त्या माणसाची लायकी त्यांना दिसेना.

नाल्याच्या तोंडाशी उभा कडा होता आणि कड्याला आग्या मोहोळाची सात पोळी लटकलेली. वर एक मोठा पक्षी घिरट्या घालत होता.

धर्मसिंग थबकले. "मोहोळघार हाय, साहेब. पोळं फोडाया येऊन राहिली. ती जाईस्तोवर कड्याखाली जायचं न्हाई."

"साधी घार आहे ती!" सर हसले. "पुस्तक उघडलंय का कधी?"

आणि ते थेट कड्याखाली जाऊन लेन्स रोखून उभे राहिले.

पक्षी झेपावला. पोळ्यावर पंजा मारला. अख्खा कडा काळाकुट्ट होऊन खाली आला!

"निजा! हलू नका!" धर्मसिंगांनी बाईंना घोंगडीखाली ओढलं. बाई पालथ्या पडल्या आणि घोंगडीच्या फटीतून समोरच्या करवंदीच्या जाळीत त्यांना तो दिसला. चक्, चक्! जाड चोच, तपकिरी पाठ, जेमतेम दोन हातांवर! बाईंचं बोट कॅमेऱ्यावर गेलं. वर्षभर त्या याच क्षणासाठी झुरल्या होत्या.

बाहेर सर बोंबलत गोल गोल पळत होते.

बाईंनी एक शिवी हासडली. कॅमेरा टाकला. बाहेर झेपावल्या. सरांची कॉलर धरली, खाली पाडलं, फरफटत घोंगडीत आणलं! बाईंना दहा डंख बसले. वटवट्या उडून गेला.

"दोन हातांवर होता तुमचा बुलबुल," बाई दात चावत म्हणाल्या. सर नुसते कण्हले.

तासाभरानं माश्या पांगल्या. सरांचे डोळे सुजून पार मिटले होते. धर्मसिंगांनी त्यांना हाताला धरून रस्त्यापर्यंत आणलं. डॉक्टरांनी फोनवर सूज दाखवायला सांगितली, म्हणून बाईंनी सरांच्या तोंडाचा फोटो काढून पाठवला. त्या दिवशीचा त्यांचा तेवढाच फोटो.

तिसऱ्या दिवशी सरांचे डोळे उघडले आणि गटात संदेश आला : "जिल्ह्यासाठी नवी नोंद! रविवारी जाड चोचीचा वटवट्या मी दोन हातांवरून स्पष्ट पाहिला. बिलकीसबाई सोबत होत्या." खाली अभिनंदनाची रीघ.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग त्यांना हसू फुटलं. पक्षी तर यादीत आला होता! त्यांनी शांतपणे रविवारचा तो फोटो गटात टाकला : टम्म फुगलेलं तोंड, डोळ्यांच्या जागी दोन बारीक रेघा. खाली एकच ओळ लिहिली.

"वटवट्या स्पष्ट पाहताना सर."