चौदा तासांचा मार्ग

विमानांचे मार्ग आखणं हे माझं काम. दोन विमानतळांमधलं अंतर, वारा, वजन, इंधन यांचा मेळ घालायचा आणि वैमानिकाला सांगायचं, इतका वेळ लागेल. त्या दिवशीच्या विमानाला चौदा तास लागणार होते. त्यात माझी बायको होती आणि तीन महिन्यांची मुलगी. सासूबाई परदेशात असतात, म्हणून बाळंतपण तिकडे झालं. पिटुकलीला मी आजवर फोनवरच काय ते पाहिलं होतं.

विमानात बसल्यावर बायकोने फोटो पाठवला. पिटुकली दुपट्यात गुंडाळलेली, मूठ तोंडात. खाली लिहिलं होतं, 'बाबा, आलेच मी.'

"आज वारासुद्धा तुझ्याच बाजूने आहे की," शेजारच्या टेबलावरचा सहकारी चेष्टेने म्हणाला. खरंच, पडद्यावर विमान मी आखलेल्या रेषेवरून तसूभरही ढळलं नाही. दुपारी, ठरल्या वेळेला, ते उतरलं. मी प्रवासी बाहेर येतात त्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

पहिले काही जण आले तेव्हा फक्त शांतता जाणवली. कुणी फोन काढत नव्हतं, कुणाला घाई नव्हती. मग वास आला, फार दिवस कोंडून राहिलेल्या माणसांचा. पुरुषांच्या दाढ्या छातीपर्यंत वाढल्या होत्या. विरलेल्या कपड्यांना सीटच्या निळ्या कापडाची ठिगळं होती. दार ओलांडताना प्रत्येक जण मागच्यासाठी थांबत होता, सगळे एकाच घरातले असल्यासारखे.

माझ्या शेजारी एक बाई नवऱ्याची वाट पाहत होती. तो समोर येऊन उभा राहिला, तरी ती त्याच्या खांद्यावरून मागेच बघत राहिली.

बायको अगदी शेवटी आली. कानामागचे केस पांढरे झाले होते. तिचं बोट धरून चारेक वर्षांची मुलगी चालत होती. जपून, जमीन हलेल या धास्तीने.

"पिटुकली कुठेय?" मी विचारलं.

बायकोने त्या मुलीकडे पाहिलं. "ही काय."

"अगं, पण चौदा तास..."

"गाडीत बसू या. मला उभं राहवत नाही."

मी सहकाऱ्याला फोन लावला. "विमानात इंधन किती उरलंय?"

"तू सांगितलं होतंस तेवढंच. का रे?"

मी फोन ठेवला.

गाडीत मुलगी काचेला नाक लावून बसली होती. मागे पळणारी झाडं बघताना तिची पापणी लवत नव्हती.

"किती दिवस?" मी हळूच विचारलं.

"आधी मोजत होतो," बायको म्हणाली. "मग सोडून दिलं."

घरी आल्यावर मी गुडघ्यांवर बसलो आणि हात पुढे केले. मुलगी आईच्या मागे सरकली. तिथूनच तिने मला नीट निरखलं.

मग आईची बाही ओढून तिने विचारलं, "आई, हे काका कुठल्या सीटवरचे?"