मिहराबातली कुंभारमाशी

पूर्वेला तांबडं फुटलं, कासारदुर्गाच्या काळ्या तटावर उन्हाची पहिली तिरीप पडली, आणि गडाला चहूकडून वेढून बसलेल्या शत्रूच्या राहुट्या रोजच्यासारख्याच जागच्या जागी दिसल्या. तटावरून पाहणाऱ्याला दिशा निवडायची पूर्ण मोकळीक होती; दृश्य सगळीकडे एकच होतं. गडावरचा तलाव भेगाळून गेला होता, काल शेवटची पखाल पिळून झाली होती, आणि पागेतल्या घोड्यांनी खिंकाळणंदेखील सोडून दिलं होतं.

अशा सकाळी, जुम्म्याच्या दिवशी, किल्लेदार यलगारखान मशिदीत काझी मुइझुद्दीन यांच्यासमोर येऊन बसले. यलगारखान हा त्यांना दरबारातून मिळालेला किताब. त्यांनी एखादा यलगार केल्याचं शिबंदीत कुणाला आठवत नव्हतं.

"काझीसाहेब, पाणी संपलं. आज नमाजाआधी आपण सर्वांसमक्ष मातीवर हात मारून तयम्मुम करावं, एवढीच विनंती."

पाणी नसेल तेव्हा वजूऐवजी, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्याऐवजी, शुद्ध मातीचा हात चेहऱ्यावर नि हातांवर फिरवायचा, ही मुभा लहान पोरालाही ठाऊक असते. पण काझी आपल्या वाट्याच्या पाण्यातली ओंजळ राखून रोज वजू करत, आणि त्यांचा बधना, म्हणजे तोटीचं ते तांब्याचं भांडं, ओला आहे तोवर गडावर पाणी आहे असं शिबंदी धरून चाले.

"हुजुरांनी स्वतः सांगावं की. माझ्या हाताची काय गरज?"

"माझ्या शब्दावर शिबंदीचा विश्वास नाही."

"तेवढी अक्कल तिला आहे खरी."

खान हसले नाहीत. "आपण मातीला हात लावलात की दरवाजा उघडायला कुणी आडवं येणार नाही. खाली बोलणं झालंय. माझ्या माणसांना वाट मिळेल. आपल्या लेकीचे, रुकैयाचे, दिवस भरत आलेत. तिच्यासाठी मेणा तयार ठेवलाय."

"आणि बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांचं अल्लाह बघेल," खान म्हणाले, आणि आपल्या जबाबदारीचा हा भाग योग्य ठिकाणी सोपवल्याच्या समाधानाने निघून गेले.

शत्रूने आपल्या सैन्याला गडाची लूट कबूल केली होती, हे पागेतल्या घोड्यांनाही कळलं असावं. काझी पश्चिमेच्या भिंतीतल्या मिहराबाकडे, ज्या कोनाड्याकडे तोंड करून नमाज होते त्याकडे, पाहत बसले. पाणी नसेलच तर तयम्मुम रास्त होतं, आणि लेकही वाचत होती. पिंजऱ्याला इतकं सोयीचं दार क्वचितच असतं.

कोनाड्याच्या कमानीत एक कुंभारमाशी घर बांधत होती. काझींनी सहज बोट लावलं. बोटाला चिखल लागला.

तलाव भेगाळलेला असताना हा चिखल कुठला, हे त्यांना कळेना. मग माशी उडाली तसे काठी टेकत तिच्यामागे अंगणात आले. ती सरळ दारूकोठाराच्या झरोक्यात शिरली. कोठारावर खानांचे खास पहारेकरी होते. ठिणगी पडेल म्हणून तिकडे कुणाला फिरकू देत नसत. आता, दारूच्या कोठारात ओला चिखल असेल तर एक तर दारू वाया गेली, नाहीतर ते दारूकोठारच नव्हे.

परवरदिगाराने आदमला मातीपासून घडवून पृथ्वीवर आपला मुतालिक, आपला प्रतिनिधी, नेमायचं ठरवलं, तेव्हा फरिश्त्यांनी अर्ज केला होता की हा प्राणी तिथे बखेडा करील, रक्त सांडील. काझींनी हे आयुष्यभर शिकवलं होतं. आज प्रथमच त्यांना फरिश्त्यांची बाजू बरीच भक्कम वाटली.

रुकैया ओसरीत टेकून बसली होती. त्यांनी तिला मेण्याचं सांगितलं, माशीचंही सांगितलं.

"अब्बा, मेण्यात बसून जाताना मी पडदा मागे राहणाऱ्या कुणाकुणापासून लपायला ओढू?" ती म्हणाली. "जा तुम्ही. नमाजाला उशीर होतोय."

दुपारी मशिदीचं अंगण भरलं. उंबऱ्याबाहेर शिबंदीतला सटवोजी नाईक आपले भालाईत घेऊन उभा होता; नमाज त्याची नव्हती, तहान होती. कोरडा बधना उपडा ठेवून काझी पुढे झाले. त्यांनी दोन्ही तळहात जमिनीवर टेकले. पहिल्या रांगेत खानांनी सुटकेचा श्वास सोडला.

काझींनी हात तोंडाकडे नेलेच नाहीत.

"ही माती कयामतीच्या दिवशी बोलणार आहे," ते म्हणाले. "तिच्या पाठीवर कुणी काय केलं, ते सांगणार आहे. तिच्याकडून खोटी साक्ष मी कशी घेऊ?" मिहराबातलं माशीचं अर्धं घर त्यांनी खुडलं आणि उंबऱ्याशी नेऊन वर धरलं. "नाईक, हात लावून बघा."

सटवोजीने उंबऱ्याबाहेरूनच हात पुढे केला. "ओलं आहे, काझीसाहेब."

"हे घडवणारी माशी चिखलासाठी दारूकोठारात जाते."

"काझींना ऊन लागलंय!" खान ओरडले. "धरा त्यांना!"

एका पहारेकऱ्याची कट्यार काझींच्या खांद्यात उतरली. दुसरी उतरली नाही, कारण सारं अंगण एकदम उठलं. घटकाभरात कोठाराचं कुलूप तुटलं. आत दारूचं एक पिंपही नव्हतं. खाली कातळात कोरलेलं टाकं होतं, थंड, काळंशार, गळ्यापर्यंत भरलेलं. दरवाजाच्या किल्ल्या नाईकाने खानांच्या कमरेवरून काढून घेतल्या, अगदी अदबीने.

मग त्याने बधना काठोकाठ भरून खांदा बांधलेल्या काझींपुढे आणला. काझींनी तो घेतला, पागेच्या दाराशी बसकण मारलेल्या घोडीपुढे रिता केला, आणि परत येऊन मातीवर हात मारले.

खांबाला बांधलेले खान उसळले. "आता पाणी असताना तयम्मुम? हीच माती ना? मग मघाशी काय बिघडलं होतं?"

"मघाशी पाणी लपवायचं होतं, हुजूर. आता ते तहानलेल्यांना पुरवायचंय. त्यांचा हक्क आधी." काझींनी मातीचे हात चेहऱ्यावरून फिरवले. "नाईक, खानसाहेबांनाही पाजा."

मृगाच्या पावसाने खालच्या राहुट्या चिखलात रुतल्या आणि वेढा उठला. तोवर रुकैयाच्या मुलीला पहिली आंघोळ त्याच टाक्यातल्या पाण्याने घातली गेली होती. पुढे मशिदीला चुना द्यायची वेळ आली, तेव्हा काझींनी मिहराबातला वीतभर कोपरा तसाच सोडायला सांगितलं. तिथे माशीने नवं घर बांधलं होतं. जुनं आपण विचारल्यावाचून मोडलं, आणि साक्षीदाराची माफी मागायची राहूनच गेली, एवढंच त्यांनी गवंड्याला सांगितलं.