तांब्यावरची तारीख

तांब्या माझ्या मांडीवरून निसटला आणि भरलेल्या एसटीत सीटखालून गडगडत थेट पुढं गेला. तो माझा नव्हता, हे आधीच सांगते. नववीतल्या जाईच्या आजीचा होता, आणि ‘मॅडम, जपून हं’ असं तीनदा बजावून जाईनं तो माझ्या हवाली केला होता. आमच्या शाळेचं तामलवाडी मागं पडून पंधरा मिनिटंही झाली नव्हती, तेवढ्यात ड्रायव्हरनं शेळ्यांसाठी करकचून ब्रेक मारला आणि माझी सगळी जपणूक संपली.

पुढं दाराजवळ उभ्या असलेल्या एकानं तांब्या पायानं अडवला. मग चपापून उचलला, कपाळाला लावला आणि… परत द्यायचा सोडून खिडकीच्या उजेडात धरून वाचायला लागला.

“द्या तो इकडं,” मी म्हणाले.

“देतो की. पण हे दोन हातांचं काम आहे, म्हणून बघत होतो.”

“म्हणजे?”

“नावं एकानं घातलीत, तारीख दुसऱ्यानं.”

मला रागच आला. कारण गेले दोन दिवस मी आणि माझी अठ्ठावीस पोरं त्या तांब्याकडं डोळे फाडून बघत होतो, आणि आमच्यापैकी एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं.

मी इतिहास शिकवते. नववीचा पहिलाच धडा ‘इतिहासाची साधने’. शिलालेख, ताम्रपट, नाणी अशी यादी पोरं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. म्हणून यंदा मी पुस्तक मिटून ठेवलं आणि सांगितलं, घरातलं नाव घातलेलं एक जुनं भांडं आणा. दुसऱ्या दिवशी माझं टेबल रुखवतासारखं दिसत होतं. फळ्यावर मी चारच प्रश्न लिहिले. कोणी दिलं, कोणाला, कधी, कशासाठी? आणि नियम एक: आधी भांड्याला विचारायचं, माणसाला शेवटी.

सगळी भांडी मुकाट्यानं उत्तरं देऊन मोकळी झाली. अडला तो हा तांब्या, म्हणून मी तो घरी घेऊन निघाले होते. त्यावर एवढंच होतं – ‘बब्रुवान – द्वारका, ता. २७-३-६९’. देणाऱ्याचं नावच नव्हतं. लग्नातल्या भांड्यावर मामा, आत्या, चुलते कुणीतरी मिरवतंच. फुकट कोण देतो?

तो माणूस गर्दीतून वाट काढत माझ्या सीटजवळ आला. त्यानं बोट ठेवून दाखवलं. नावं छिन्नीनं घातलेली होती, ठिपक्याला ठिपका लावून, सराईत हातानं. तारीख मात्र खिळ्यानं खरवडलेली होती, आणि खिळा दोनदा घसरला होता.

“तुम्हाला बरं कळलं एवढं?”

“तुळजापुरात देवळाच्या गल्लीत भांड्यांचं दुकान आहे आमचं. दिवसभर दुसऱ्यांचीच नावं घालतो, मॅडम.”

“मी मॅडम आहे कशावरून?”

“ओढणीला खडू लागलाय.”

हे भौतिक साधन झालं, असं मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता हसले. तोही हसला. बाहेर भुरभुर पाऊस सुरू झाला होता. त्यानं वाकून माझ्यावरची खिडकी ओढून घेतली आणि तुळजापूर येईपर्यंत मला त्याचं नाव विचारायचंही सुचलं नाही. उतरताना त्यानंच सांगितलं – वरद.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. कामासाठीच गेले होते, त्याला भेटायला नव्हे. (त्या वेळी हे खरंच होतं.) वरदचे आजोबा नारायणराव गादीवर बसले होते. मशीन यायच्या आधी या दुकानातली सगळी नावं त्यांच्या छिन्नीखालून गेलेली. त्यांनी तांब्यावरून बोट फिरवलं, चष्मासुद्धा लावला नाही.

“नावं माझ्या हातची हायेत. तारीख माझी न्हाई. एक पोरगं आलं हुतं, म्हनलं, तारखेची जागा सोडा. मी रागावलो हुतो त्याला. तारीख ठरली न्हाई तर नावं कशाला घालतोस, म्हनलं. आईकलं न्हाई.”

मी वर्गात हे सांगितलं तेव्हा पोरांनी बाकं बडवली. मग जाई उभी राहिली आणि तिनं सगळ्यावर पाणी ओतलं. आजी-आजोबांचं लग्न अक्षय्य तृतीयेला झालं होतं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. पोरांनी माझ्या मोबाइलवर शोधलं, तर त्या वर्षीची अक्षय्य तृतीया निघाली एप्रिलात. तांब्यावरची तारीख तीन आठवडे आधीची! जाईनं आजीला विचारायचा प्रयत्न केला, नियम मोडून. पण आजी ‘लग्नातला हाय, आन काय’ म्हणून चुलीकडं वळली होती. शेवटी मी फळ्यावर लिहिलं – ‘तारीख: अविश्वसनीय’. आणि ठरलं, धड्याच्या शेवटी द्वारकाबाईंनाच वर्गात बोलवायचं.

इकडं माझ्यासमोर दुसराच एक प्रश्न उभा राहत होता, आणि त्याची साधनं मी मनात गोळा करत होते. वरद मंगळवारी आणि शुक्रवारी सोलापूरहून येणाऱ्या त्याच एसटीत असायचा. माल आणायला जातो म्हणायचा, पण हातात कधी धड पिशवीही नसायची. माझ्यासाठी रुमाल टाकून जागा धरलेली असायची आणि विचारलं तर म्हणायचा, रुमाल वाळत घातला होता. एकदा त्यानं मला कवड्यांच्या माळेतली सुटलेली एक कवडी दिली आणि विचारलं, “ही सांगा किती जुनी?” मी म्हणाले, नुसत्या एका कवडीवरून काही सिद्ध होत नाही. तो म्हणाला, “मग दुसरी आणतो.” त्यानं खरंच आणली. माझ्या खणात आता अशा अकरा कवड्या होत्या.

पण मी पडले इतिहासवाली. एका बाजूच्या पुराव्यावर निष्कर्ष काढायचा नाही, हे मी रोज पोरांच्या डोक्यात घालत होते. माणूस तोंडानं काही बोलेल तर ना!

आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माझी ऑर्डर आली. चार वर्षं तासांवर शिकवत ज्याची वाट बघितली ती कायम नोकरी मिळाली, पण रत्नागिरी जिल्ह्यात. एक सप्टेंबरला हजर व्हायचं होतं. येरमाळ्याला घरी आईनं येडेश्वरीची ओटी भरली, वडलांनी गल्लीभर पेढे वाटले. मलाही आनंद झाला होता, खोटं का बोलू? ती नोकरी मी सोडणार नव्हते. फक्त जायच्या आधी मला एकदा कळायला हवं होतं की माझ्या खणातल्या त्या अकरा कवड्यांचा अर्थ मी लावते तोच आहे का. नाहीतर आयुष्यभर मी ते कोडं सोडवत बसले असते.

मी वरदला ऑर्डरचं सांगितलं तेव्हा तो एका ताटावर कुणाच्या तरी मुंजीचं नाव घालत होता. मशीनची टर्रटर्र थांबली. त्यानं अभिनंदन केलं, आजोबांना चहा सांगायला लावला आणि पुन्हा ताटात डोकं घातलं. झालं! मग मीच पर्समधून माझा स्टीलचा डबा काढून पुढं ठेवला.

“यावर माझं नाव घालून द्या. नव्या शाळेत हरवायला नको.”

“नुसतं नाव?”

“मग आणखी काय घालतात?”

त्यानं डबा उलटासुलटा केला, बराच वेळ.

“ठेवून जा,” तो म्हणाला. “मशीनची सुई बोथट झालीय.”

दोन दिवसांनी गेले तर त्याच बोथट सुईनं तो तीस वाट्यांवर नावं घालत होता. माझा डबा काही निघाला नाही. मी चिडले. चिडूनच त्याला सांगितलं, गुरुवारी द्वारकाबाई वर्गात येणार आहेत, मशीन घेऊन या आणि पोरांना नावं कशी घालतात ते दाखवा. तो म्हणाला, इतिहासात त्याला दहावीला एकोणचाळीस मार्क होते. मी म्हटलं, मग तर यायलाच पाहिजे.

गुरुवारी तो आला आणि शेवटच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला. द्वारकाबाई माझ्या खुर्चीवर बसल्या होत्या. डोक्यावर पदर, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले. तांब्या समोर टेबलावर होता. प्रश्न जाईनं विचारायचा ठरलं होतं.

“आजी, ही तारीख खोटी हाय का गं?”

“खोटी कशापायी असंल? म्याच टाकलीया.”

द्वारकाबाईंनी तांब्या मांडीवर घेतला आणि आमच्याकडं न बघता त्याच्याशीच बोलावं तसं सांगायला लागल्या. बब्रुवान त्यांच्या आत्याचा मुलगा. दोन्ही घरांनी सोयरीक ठरवायला घेतली होती. अठरावं लागलं होतं त्यांना, पण तुझ्या मनात काय आहे, हे कुणी विचारलं नव्हतं. आईनं नाही, बापानं नाही, आत्यानंही नाही.

“येक दिस ह्ये हिरीवर आलं. ह्यो तांब्या घिऊन. म्हनलं, नावं म्या घालून आनल्यात, तारीख तू टाक. मनात नसंल तर टाकू नगंस, म्या घरी काय बी सांगून मोडतो. तुझ्यावर बोल यिऊ दिनार न्हाय.” त्या थांबल्या. “मला दुसरीपतुर शाळा. आकडं तेवढं यायचं. तीन दिस तांब्या कणगीत लपवून ठिवला. मंग घरात कुनी न्हवतं तवा क्यालेंडर बघितलं, खिळा घेतला आन टाकली. खिळा दोनदा घसरला.”

“पण आजी, लगीन तर आखितीला झालं ना?” जाईला अजून उलगडत नव्हतं.

“लग्नाची तारीख भटजीनं काढली, पोरी. ही म्या काढली.”

मी वळून फळ्याकडं पाहिलं. तिथं माझ्याच अक्षरात ‘अविश्वसनीय’ लिहिलेलं होतं. तारीख खरी की खोटी यावर आम्ही महिनाभर भांडलो, पण ती कशाची तारीख आहे, हे विचारायचं मात्र एकालाही सुचलं नव्हतं, मला तर नाहीच. मी तो शब्द पुसला. डोळ्यांत खडू गेल्याचं निमित्त सापडलं, ते बरं झालं.

शाळा सुटल्यावर वरद व्हरांड्यात मशीनची वायर गुंडाळत होता. मी जवळ गेले तशी त्यानं ती पुन्हा उलगडली. मग पिशवीतून माझा डबा काढून माझ्या हातात दिला.

डब्यावर लिहिलं होतं – ‘हर्षाली – वरद, ता.’ आणि पुढं कोरी जागा.

“मी नुसतं नाव सांगितलं होतं,” मी म्हणाले.

“घातलं की. थोडं जास्त झालं.”

“हे आजींचं ऐकून आत्ता…?”

“न्हाई. ज्या दिवशी डबा दिला त्याच दिवशी घातलं, तुम्ही कोपऱ्यावर वळायच्या आत. आजोबांनी तांब्याचं सांगितलं होतं, तशी जागाही सोडली. पण ती कुणी भरायची असते, ते आज कळलं.” त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं. “तुम्ही मला आवडता, हर्षाली. पहिल्या दिवसापासून. पण जाणाऱ्या माणसाला अडवल्यासारखं होईल, म्हणून बोललो न्हाई.”

“रत्नागिरी लई लांब आहे.”

“ऑर्डर सोडायची न्हाई. मी आठवड्यातून दोनदा सोलापूर करतोच, तसं महिन्यातून दोनदा रत्नागिरी करीन. आजोबा असेपर्यंत दुकान इथं. पुढं तिकडंही लोक भांडी वापरतच असतील.”

“सोलापूरला तुम्ही माल आणायला जाता ना?”

“दुकानाचा माल टेम्पोनं येतो,” तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

हा पुरावा मला पुरेसा होता. खरं म्हणजे पुरावा पहिल्या रुमालालाच पुरेसा होता, मीच आपली साधनं मोजत बसले होते. मी मशीन मागितलं. ते हातात धरलं की मनगटापर्यंत झिणझिणतं, हे मला माहीत नव्हतं. तो शिकवायला पुढं झाला, मी त्याला हात लावू दिला नाही. माझी मीच लिहिली: २१-८-२५. शेवटच्या पाचाचं शेपूट घसरून थेट काठापर्यंत गेलं.

आता मी रत्नागिरीत आहे. इथली नववीही तशीच, यादी पाठ करणारी. पहिल्या तासाला मी पुस्तक मिटलं, रिकामा डबा टेबलावर ठेवला आणि विचारलं, हा काय काय सांगतो? पोरं वाकून वाकून बघायला लागली. पुढच्या बाकावरची मोनिका सगळ्यात आधी बोलली. म्हणाली, “मॅडम, सोप्पं आहे. तुमच्या लग्नाची तारीख.”

लग्न वैशाखात आहे. भटजींनी मुहूर्त काढलाय.

“चूक,” मी म्हणाले. “परत बघा. हात किती आहेत, ते मोजा आधी.”