ही कशाची गाठ?

या, जरा पुढे सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही या. आजची गोष्ट मोठ्यानं सांगण्यातली नाही, आणि शेवटी ‘असं का झालं?’ म्हणून विचाराल तर उत्तर माझ्यापाशी नाही. ऐकणारा मात्र जागा हवा.

नवरा पुलांचा इंजिनिअर. त्याला परदेशात तीन वर्षांचं काम मिळालेलं. बायको शिवणकामाचे वर्ग घ्यायची. त्यांची एक लहानगी लेक, चिमणी. आणि नवऱ्याची आई. सुनेला स्वतःची आई आठवतही नव्हती. ‘आई’ हा शब्द तिनं तोंडभर उच्चारला तो सासूलाच. म्हणून बेत ठरला तेव्हा तिनं बजावलं होतं, “आई येणार असतील तर मी येणार. नाहीतर तुम्ही आणि तुमचे पूल!”

आजींची एक सवय होती. काही विसरायचं नसलं की पदराच्या टोकाला गाठ. औषधाची एक, दूधवाल्याची एक. “डोकं म्हातारं झालं गं, पदर अजून तरुण आहे,” म्हणायच्या. सून कुरकुरायची. शिवणाऱ्या बाईला कापडाची गाठ बघवते होय?

निघायच्या सकाळी नेहमीची धांदल. बॅगा वजनकाट्यावर चढत-उतरत होत्या. गॅस बंद केला की नाही ते प्रत्येकानं येऊन पाहिलं. आजींनी शेजारणीला किल्ली दिली आणि त्यासाठी मारलेली गाठ सोडली. मग देवाला हात जोडले, आणि काय मनात आलं कोण जाणे, पुन्हा एक गाठ मारली.

विमानात जेवण वाढणाऱ्या मुलीनं तिघांपुढे ट्रे ठेवले आणि ती पुढे गेली. सुनेनं हाक मारली तेव्हा परतली, आजींच्या सीटकडे पाहून गडबडली, माफी मागून ट्रे देऊन गेली.

“म्हातारी माणसं दिसत नाहीत हो कुणाला,” आजी हसल्या.

सुनेची नजर पदराकडे गेली. “आई, ही कशाची गाठ?”

आजींनी ती बोटांत फिरवली. “तेच आठवत नाहीये बघ मघापासून.”

उतरल्यावर लांबलचक काचेचा हॉल, फरशीला औषधी वास. पासपोर्ट तपासणाऱ्यानं विचारलं, “तिघं?”

“तिघं,” नवरा म्हणाला.

“अहो! आई?”

“अरे हो!” त्यानं कपाळावर हात मारला. “झोप नाही गं झाली.”

सगळे हसले. आजीही हसल्या, पण जरा उशिरा, इतर हसतात म्हणून हसावं तशा. सुनेनं ओढणीचं टोक हातात घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा कापडाला गाठ मारली. घट्ट.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. नवा रंग, बंद खिडक्या, ढगाळ दुपारचा उजेड. पलंगावर घडी घालून ठेवलेले टॉवेल तीनच.

“अहो, चौघं येणार म्हणून कळवलं होतंत ना?” सुनेनं विचारलं.

“चौघं?” त्यानं गोंधळून तिच्याकडे पाहिलं. “आपण तिघंच ना गं?”

आजी दारातच उभ्या होत्या. हातात पिशवी, पायात चपला. चिमणी, जी आजीच्या कुशीशिवाय कधी झोपली नव्हती, ती आईमागे लपली.

“आई, त्या आजी कोण आहेत?”

“वेडी आहेस का? आपली आजी!”

नवरा पाहुण्यांकडे पाहून हसावं तसा हसला. “या ना, बसा. पाणी देऊ?”

आजी उभ्यानंच अर्धा पेला पाणी प्यायल्या. मग त्यांनी सुनेच्या गालावरून हात फिरवला.

“दमला असाल तुम्ही. मी निघते. ओळख ना पाळख, फार माया लावलीत हो मला.”

‘तुम्ही’ म्हणाल्या. सुनेला.

“आई, असं काय करता? मला ‘अगं’ म्हणा ना!”

आजींनी पदराची गाठ क्षणभर निरखली. मग सोडून टाकली. आणि जिना उतरू लागल्या.

सून मागे धावली. चपलांचा आवाज एक मजला खाली होता. ती दोन उतरली, तरी एक मजला खालीच.

तळमजल्यावर जिना संपला.

आवाज संपला नाही.

बाहेर सरळ, रिकामा रस्ता. ओढणीची गाठ मुठीत धरून ती “आई, आई” म्हणत पायऱ्या चढली. पहिल्या मजल्यापर्यंत म्हणत होती. दुसऱ्यापर्यंत ओठ हलत होते.

“कुठे गेली होतीस?” नवऱ्यानं विचारलं.

“कचरा कुठे टाकायचा ते बघायला.” आणि तिला ते खरंच वाटलं.

संध्याकाळी ओढणीला इस्त्री करताना टोकाला गाठ सापडली. हे कुणाचं काम? तिनं सुईच्या टोकानं ती हलकेच उकलली आणि चुरगळलेल्या जागेवर इस्त्री फिरवली.

“चिमणे, जेवायला चल!” आतून नवऱ्याची हाक आली.

तिनं दारातून पाहिलं. टेबलावर ताटल्या दोन.

दमलेत बिचारे, असं म्हणत ती तिसरी घ्यायला वळली.

तर बापहो, आयाबायांनो, एक मागणं आहे. उठण्याआधी पदराला, रुमालाला, जे असेल त्याला एक गाठ मारा. त्या माउलीची आठवण ठेवणारं तिच्या घरात आता कुणी नाही. आणि टोक पुरत असेल तर तिच्याशेजारी दुसरीही मारून ठेवा.